रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही: जुनं टॉकीज चालवायला घेण्याआधीचं गणित



समजा, भवानी पेठेतले तीन मित्र रात्री चहाच्या टपरीवर उभे आहेत. एकाचे चार पॉवरलूम आहेत, दुसरा मंडप-डेकोरेशनवाला आहे आणि तिसरा मोबाइलच्या दुकानात नोकरी करून कंटाळलाय. विषय निघतो एका बंद पडलेल्या टॉकीजचा. "काय बे, चालवायला घेऊ की! संध्याकाळी सिनेमा लावायचा, सकाळी नाटक, ऑर्केस्ट्रा, शाळांचे गॅदरिंग." तिघांचे मिळून पंधरा लाख जमतात. मालक भाड्याने द्यायला तयार आहे. आता घ्यावं की नाही?

ही तिघं माझ्या डोक्यातली आहेत, पण हा प्रश्न घेऊन बसलेली माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात सापडतील. जुनं टॉकीज दिसलं की प्रत्येकाला त्यात आपलं बालपण दिसतं, आणि धंद्याचा निर्णय घेताना बालपण फार महाग पडतं. व्हिडिओत हा विषय घाईत उरकावा लागला, म्हणून इथे नीट मांडतो. थोडा इतिहासही सांगणार आहे, कारण एकाच हॉलमध्ये सिनेमा आणि प्रत्यक्ष कार्यक्रम चालवायची ही आयडिया नवी नाही. ती भारतीय सिनेमाच्या पहिल्या दिवसाइतकी जुनी आहे.

आधी एक पॉइंट डोक्यात पक्का करा. थिएटरवाला सिनेमा विकत नाही. सिनेमा निर्मात्याचा असतो, नाटक नाटक कंपनीचं असतं. थिएटरवाला विकतो ती खुर्ची, आणि तीही ठराविक तीन तासांसाठी. सोलापुरी चादर आज विकली नाही तर गोडाऊनला पडते, पुढच्या लग्नसराईत जाते. टॉवेलचा गठ्ठा सहा महिन्यांनीही टॉवेलच असतो. पण सहाच्या शोची रिकामी खुर्ची नऊ वाजता विकता येत नाही. ती गेली म्हणजे गेली. भाजीवाल्याचा माल संध्याकाळपर्यंत तरी टिकतो, थिएटरवाल्याचा माल शो सुरू झाला की संपतो. म्हणून या धंद्यात ज्याच्याकडे खुर्ची भरायचे जास्त मार्ग, तो टिकतो.

आता इतिहास.

३ मे १९१३. मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. शाळेच्या पुस्तकात आपण इथपर्यंत वाचलेलं असतं. पुस्तकात नसतं ते हे की त्या दिवशी लोक फक्त सिनेमा बघायला आले नव्हते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत सिनेमासोबत नाच होता, विनोदी प्रवेश होते आणि पायांवर वस्तू खेळवणारा एक परदेशी कलाकार होता. दीड तासाचा सगळा कार्यक्रम आणि तिकीट नेहमीच्या दुप्पट. म्हणजे आपल्या देशातला पहिला कथापट लागला तोच जिवंत कार्यक्रमाच्या जोडीने.

असं का केलं असेल? सिनेमा चार रिळांचा होता, साधारण ३,७०० फूट. तेवढ्यावर दीड तास भरत नाही आणि दुप्पट तिकीट तर मुळीच मागता येत नाही. हॉलवाल्याने उरलेला वेळ कलाकारांनी भरला. गिऱ्हाईक घरी जाताना म्हणालं पाहिजे, पैसे वसूल झाले.

पुढचा किस्सा सुरतेचा. तिथे हाच सिनेमा लावला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला जेमतेम तीन रुपये आला, असं सांगतात. कारण साधं होतं. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक बघायची सवय. तो दीड तासासाठी तीन आणे का देईल? हॉलवाल्याने फाळक्यांना सांगितलं, दर कमी करा नाहीतर खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! गल्ला तीनशेवर गेला म्हणतात. (आता ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. दोन मैल हा जाहिरातवाल्याचा मैल समजा. तुम्ही तुमच्या फलकावर असा मैल लावू नका, आजचं गिऱ्हाईक मोबाइल काढून मोजतं.) पण मुद्दा बघा. सुरतेच्या गिऱ्हाईकाच्या डोक्यातली फूटपट्टी नाटकाची होती. नवा माल विकताना गिऱ्हाईकाच्या हातात आधीपासून कुठली फूटपट्टी आहे हे ज्याला कळतं, त्याला दर पाडावा लागत नाही.

तिसरं उदाहरण मोठं आहे, पण त्यातून छोट्या माणसाने शिकण्यासारखं बरंच आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस. मॉरिस बँडमन नावाचा नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी काराका हे कोळशाचे दलाल, या दोघांनी ते उभारलं. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं, पुरं झालं १९१२ मध्ये. यात बँडमन हा माणूस समजून घ्या. त्याचा मूळ धंदा इमारतीचा नव्हता. तो विलायतेतल्या नाटक कंपन्या पूर्वेकडच्या शहरांमधून फिरवायचा. म्हणजे हॉल बांधायच्या आधीच त्याच्याकडे हॉलमध्ये काय लावायचं याची सोय होती. आपली तिघं नेमकं उलटं करतायत. आधी हॉल घेतायत, काय लावायचं ते नंतर बघू म्हणतायत.

नावात ऑपेरा असला तरी त्या रंगमंचावर बालगंधर्व उभे राहिले, मास्टर दीनानाथ उभे राहिले, पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं झाली. सिनेमाचा जोर वाढला तसा तिथे पडदा लागला आणि पुढे ते मुख्यतः सिनेमाचंच थिएटर झालं. मग घरोघरी व्हिडिओ आला, केबल आली, प्रेक्षक आटला आणि १९९३ मध्ये दार बंद झालं. गोंडल संस्थानच्या राजघराण्याची मालकी होती, म्हणून इमारत पडली नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. आज तिथे ५७५ खुर्च्या आहेत आणि गाणं, नाटक, सिनेमा, समारंभ असं सगळं होतं.

माझं मत सांगतो. एकच माल विकायला लागल्यावर ते थिएटर त्या मालाबरोबर बुडालं, आणि परत उघडलं ते अनेक प्रकारचे कार्यक्रम घेऊन. पण बंद आणि उघडणं यामध्ये तेवीस वर्षं गेली. तेवीस वर्षं इमारत सांभाळून ठेवायला राजघराणं लागतं. पॉवरलूमवाल्याला तेवीस महिनेही परवडणार नाहीत.

आणि चौथं उदाहरण आपल्या जवळचं. सातारा जिल्ह्यातलं रहिमतपूर. २९ एप्रिल २०१६ ला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' लागला. मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. गर्दी इतकी की रहिमतपूरच्या थिएटरने रात्री बाराला आणि पहाटे तीनला जादा शो लावले. ज्या तासाला खुर्चीची किंमत शून्य असते, त्या तासाला तिकीट विकलं गेलं! हॉलचं भाडं तेच, पडदा तोच. वाढला तो विजेचा आणि माणसांच्या जादा पाळीचा खर्च. फिक्स खर्चाच्या धंद्यात खरा नफा असा शेवटच्या जादा शोमध्ये असतो.

पण 'सैराट' रोज येत नाही. म्हणून आता वही-पेन घ्या.

गणित मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या हॉलचे आकडे तुम्ही घाला. ४०० खुर्च्या. रोज चार शो, आठवड्याला २८. म्हणजे विकायला एकूण ११,२०० खुर्च्या. सरासरी शोला ६० माणसं येतात असं धरा, म्हणजे १५ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण सोमवार ते गुरुवार दुपारचे शो डोळ्यांपुढे आणा. तिकीट १०० रुपये.

आठवड्याला १,६८० तिकिटं, गल्ला १,६८,०००. यात जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. (म्हणजे १०० चं तिकीट ११० करणाऱ्याने आधी हिशेब करावा. गिऱ्हाईकाकडून दहा जास्त घेतले तरी तुमच्या हातात आधीपेक्षा दोन रुपयेसुद्धा कमीच येतील.) कर वजा जाता उरले १,६०,०००. त्यातला वाटा वितरकाचा. मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते यांच्यात २००९ मध्ये भांडण होऊन जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा ठरला होता. एकपडदा थिएटरचे व्यवहार वेगळे असतात. कुठे टक्केवारी, कुठे ठरीव भाडं, कुठे किमान रकमेची हमी. आपण निम्मे धरू. हातात राहिले ८०,०००.

आता खर्च. मालकाचं भाडं, बुकिंगवाला, डोअरकीपर, ऑपरेटर, सफाई, वीज, जनरेटर, डिजिटल प्रोजेक्टरचं भाडं, सगळं मिळून आठवड्याला १,१०,००० धरा. तीस हजारांचा तोटा!

थांबा, कॅन्टीन राहिलं. समोसा, पॉपकॉर्न, थंडं. माणशी १२ रुपये निव्वळ सुटले तर २०,१६०. तोटा आला ९,८४० वर. लक्षात घ्या, इंटर्व्हलच्या दहा मिनिटांनी दोन तृतीयांश खड्डा भरला, आणि कॅन्टीनच्या पैशात वितरक वाटेकरी नाही. मी बरीच माणसं बघतो, जी भाड्याच्या बोलणीत कॅन्टीन आणि पार्किंग मालकाकडेच राहू देतात. "ते किरकोळ आहे हो सर." किरकोळ नाही, तोच धंदा आहे.

आणि आता येतो प्रत्यक्ष कार्यक्रम. आठवड्यात दोन सकाळी हॉल भाड्याने दिला. शाळेचं स्नेहसंमेलन, क्लासवाल्यांचा गुणगौरव, भजन स्पर्धा, कंपनीची डीलर मीटिंग, काहीही. भाडं ८,००० (त्यावरचा जीएसटी वेगळा), वीज-सफाईचा खर्च १,५०० धरला तर सुटले ६,५००. दोनाचे १३,०००. आता आठवडा ३,१६० रुपये नफ्यात.

बघा, सगळा खेळ सकाळच्या दोन बुकिंगवर उभा आहे. सिनेमा लोकांना गेटपर्यंत आणतो, कॅन्टीन पगार भागवतं आणि सकाळचं बुकिंग तुम्हाला तोट्यातून बाहेर काढतं.

पण नाजूकपणाही बघा. शोला ६० ऐवजी ४८ माणसं आली. फक्त बारा माणसं कमी. गल्ला १,३४,४००, करानंतर १,२८,०००, तुमचा वाटा ६४,०००, कॅन्टीन १६,१२८, बुकिंगचे १३,०००. एकूण ९३,१२८. तोटा १६,८७२. बारा माणसांनी तुमचा आठवडा वीस हजारांनी फिरवला. हा खड्डा भरायला आणखी तीन बुकिंग लागतात, म्हणजे आठवड्यात पाच सकाळी हॉल गेला पाहिजे. दर आठवड्याला पाच गिऱ्हाईकं तुम्ही आणू शकता का? या प्रश्नाचं उत्तर मंडप-डेकोरेशनवाल्याकडे आहे. शहरातल्या कार्यक्रमवाल्यांचे फोन नंबर त्याच्याकडे असतात. या भागीदारीत सगळ्यात किमती माणूस तो आहे, जरी पैसे सगळ्यात जास्त पॉवरलूमवाल्याचे लागले असले तरी.

"नाटकंच लावू की, सर." हो, पण इथे भल्याभल्यांचे हात भाजतात.

व्यावसायिक नाटक गावात दोन पद्धतीने येतं. एक तर नाटक कंपनी स्वतः तुमचा हॉल भाड्याने घेते आणि तिकिटं विकते. जोखीम त्यांची, तुम्हाला भाडं. दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. तुम्ही ठरलेली रक्कम मोजता. कलाकारांची नाइट, बस, ट्रक, सगळं ते बघतात. तिकीटविक्री आणि जोखीम तुमची. समजा कॉन्ट्रॅक्ट ९०,००० चं झालं. जाहिरात, राहणं-जेवण, हॉलची तयारी यांचे २५,००० धरा. १,१५,००० खर्च. ४०० खुर्च्या, तिकीट ३००, सगळी विकली तर १,२०,०००. हाऊसफुल्लचा बोर्ड लावून तुम्ही कमावले पाच हजार! वीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर एक हजार खिशातून गेले. चारशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये मोठ्या नाटकाचं कॉन्ट्रॅक्ट घेणं हा शौक आहे, आणि शौक असेल तर तसं वहीत लिहा. एक दिलासा मात्र आहे. नाटक, नृत्य, संगीत यांच्या प्रवेशावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. तुमच्या सीएकडून खात्री करून घ्या, पण एकाच खुर्चीवर सकाळी आणि संध्याकाळी कराचा नियम वेगळा असतो हे ध्यानात ठेवा.

शिवाय सिनेमाचा हॉल म्हणजे नाट्यगृह नव्हे. पडद्यापुढे चार-पाच फुटांचा कट्टा असतो, तेवढ्यात दिवाणखान्याचा सेट बसत नाही. विंगा नाहीत, मेकअपची खोली नाही, दिवे टांगायला पाइप नाहीत. पडद्यामागे स्पीकर उभे असतात, ते सरकवायचे कुठे? भिंती रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी मऊ केलेल्या असतात, तिथे नटाचा उघडा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. सोलापुरात पूर्ण नाटकासाठी हुतात्मा स्मृती मंदिर आहे, सभा-व्याख्यानांना डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह आहे. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. कमी जागेत होणारं घ्या. एकपात्री, कीर्तन, कविसंमेलन, विनोदी कार्यक्रम, कराओके, दहा वादकांची ऑर्केस्ट्रा. मंडपवाला भागीदार असेल तर पुढच्या दोन रांगा काढून, जोडायचा-उतरवायचा प्लॅटफॉर्म करून घ्या. फक्त एक आधी तपासा. परवान्यात खुर्च्यांची संख्या आणि मांडणी लिहिलेली असते, ती परस्पर बदलता येत नाही.

आपल्या शहराची एक खास गोष्ट मात्र वापराच. सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचं गाव आहे. पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजामुळे घराघरात तेलुगू बोललं जातं, म्हणून महाराष्ट्रात असूनही इथे तेलुगू सिनेमे लागतात आणि चालतात. पुण्याच्या थिएटरवाल्याला जो प्रेक्षक शोधावा लागतो, तो तुमच्या गल्लीत राहतो. मग कार्यक्रम फक्त मराठी का? तेलुगू गाण्यांची संध्याकाळ, कन्नड वचनगायन, उर्दू मुशायरा. प्रत्येक भाषेची मंडळं आहेत, आणि मंडळ हे तुमचं घाऊक गिऱ्हाईक आहे. एकेक तिकीट विकण्यापेक्षा एका अध्यक्षाला अख्खा हॉल विकणं सोपं.

याच्या जोडीला भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. तेव्हा लोक होम मैदानावर असतात, तुम्ही त्यांना बंद हॉलमध्ये बोलवू नका. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव. कोजागिरीला निम्मं शहर तुळजापूरच्या रस्त्यावर चालत असतं. त्या रात्री शो लावणाऱ्याने सोलापूर कधी पाहिलंच नाही असं समजावं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगं, त्यासाठी मुख्याध्यापकांना दिवाळीआधी भेटावं लागतं. मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा हॉल ओस. तोच काळ रंगरंगोटीचा आणि दुरुस्तीचा ठेवा.

परवान्यांबद्दल लांबण लावत नाही, पण हे विचारल्याशिवाय मालकाच्या हातात टोकन देऊ नका. सिनेमा दाखवायचा परवाना चालू आहे की संपलाय? प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी वेगळी परवानगी लागते, ती कधी काढली होती का? इमारतीच्या मजबुतीचा दाखला, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, विजेच्या वायरिंगची तपासणी, यांच्या तारखा काय? नाटकाच्या संहितेला राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते बघणं आयोजकाचं काम. गाणी वाजवली तर त्यांच्या हक्कांचे पैसे लागतात. बंद हॉलमध्ये सगळ्यात महाग वस्तू खुर्च्या किंवा प्रोजेक्टर नसतात, मुदत संपलेले कागद असतात.

आगीचं मात्र सविस्तर बोलायला हवं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तुम्हाला माहीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, पुढे संगीत रंगभूमीच्या त्या मोठ्या कोल्हापूरकर नटाचं नाव मिळालेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभरावर वर्षं उभी असलेली वास्तू एका रात्रीत गेली. त्या वास्तूमागे महापालिका होती, सरकार होतं, अख्खं शहर रडलं, म्हणून ती पुन्हा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं. तुमच्या टॉकीजमागे कोण आहे? जुन्या हॉलमध्ये लाकूड, कापड, फोम आणि चाळीस वर्षांपूर्वीची वायर एकाच छताखाली असते. त्यात प्रत्यक्ष कार्यक्रमवाला येतो आणि स्वतःचे दिवे लावून जादा लोड टाकतो. सिनेमाच्या लोडवर बसवलेली वायर हे झेपेल का, हे इलेक्ट्रिशियनला नाही, परवानाधारक ठेकेदाराला लेखी विचारा.

दिल्लीचं उपहार सिनेमा आठवा. १३ जून १९९७. ५९ माणसं गेली. तिथे जादा खुर्च्या टाकून बाल्कनीतला बाहेर पडायचा रस्ता अडवलेला होता. कुणीतरी असाच विचार केला असणार, आणखी थोडी तिकिटं विकली जातील. वर मी तुम्हाला खुर्ची भरायला सांगत होतो. पण खुर्ची वाढवायला मी सांगितलेलं नाही, हे परत एकदा वाचा. आणि विमा काढताना इमारतीचा मालकाचा आणि आतल्या सामानाचा तुमचा, असे दोन वेगळे काढा. प्रेक्षकाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कोणाची, हेही त्यातच लिहून घ्या.

शेवटी करारनामा. जुन्या टॉकीजच्या मालकाला इमारतीपेक्षा खालची जागा जास्त किमतीची असते, हे उघड सत्य आहे. आज तो तुम्हाला भाड्याने देतोय, उद्या बिल्डर आला तर? तुम्ही साडेचार लाखांचा प्लॅटफॉर्म, दिवे, आवाजाची यंत्रणा बसवलीत आणि सातव्या महिन्यात नोटीस आली तर पंधरा लाखांतलं हे सगळं भंगारात जातं. म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर भिंतीत एक खिळाही ठोकू नका. तीन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार, मध्येच जागा विकली तर भरपाईची रक्कम आकड्यात, आणि जे बसवाल ते उचलून नेता येईल असंच बसवा. कॅन्टीन आणि पार्किंग करारात तुमच्या नावावर. भाडं ठरीव कमी आणि गल्ल्यावर टक्केवारी जास्त, असं मालक मान्य करतो का ते विचारून बघा. धंदा मंदावला तर त्यालाही थोडं सोसू दे.

आणि आमच्या तिघांसाठी माझा क्रम उलटा आहे. सिनेमा आधी सुरू करू नका. प्रोजेक्टरचं भाडं, वितरकाची हमी, चार शोंचा स्टाफ हे सगळं दुसऱ्या टप्प्यात. आधी मालकाशी बोलून तीन महिने हॉल फक्त दिवसाच्या भाड्याने घ्या. ज्या दिवशी कार्यक्रम, त्या दिवसाचे पैसे. परवानगीही त्या कार्यक्रमापुरती काढा. मंडपवाल्याने बुकिंग आणायची, मोबाइलवाल्याने ऑनलाइन तिकिटं आणि जाहिरात बघायची, पॉवरलूमवाल्याने कॅन्टीनच्या गल्ल्यावर बसायचं आणि दर कार्यक्रमाला किती माणसं आली, माणशी किती रुपयांचं खाल्लं, कुठल्या भाषेचा कार्यक्रम होता हे वहीत लिहायचं. बारा आठवड्यांत किमान तीस कार्यक्रम झाले तर ती वही घेऊन वितरकाकडे जा, बँकेकडे जा. आठ-दहाच झाले, तर तिघांच्या पंधरा लाखांतले चौदा अजून खात्यात असतील.

हिशेबाची शीट मी या व्हिडिओच्या खाली जोडली आहे. त्यात पिवळ्या रंगाच्या चौकटींत तुमचे आकडे भरा: खुर्च्या, शोला येणारी माणसं, तिकीट, कॅन्टीनची माणशी सुटणारी रक्कम. शोला येणारी माणसं लिहिताना अंदाज करू नका. तुमच्या भागातल्या चालू थिएटरबाहेर एका मंगळवारी दुपारी आणि एका रविवारी संध्याकाळी उभे राहा, आणि आत जाणारी डोकी मोजा.